सातव्या मजल्याची चार मिनिटं

४ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंच असशील. फाडायचं असेल तर वाचून फाड, एवढं तरी ऐक माझं. फोन नंबर तू कधी दिला नाहीस, म्हणून कागद. सव्वीस वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही, आताही मागत नाहीये. एक बातमी आहे, ती देते.

किसणी पाडणार आहेत. किंवा नाही पाडणार. अजून ठरायचंय.

दोन वर्षांपूर्वी सगळी ऑफिसं हलली, तेव्हापासून ती नऊ मजली धूड रिकामी पडली आहे. नव्या मालकाला तिथे काचेचा टॉवर उभारायचाय. पण जुन्या इमारती जपणारी एक समिती आहे, तिने मध्येच हात आडवा घातला. म्हणे ही इमारत वारसा आहे. आपली किसणी, वारसा! ऊन अडवायला बाहेरून लावलेली ती काँक्रीटची पाती बघून सगळं गाव हसायचं, आणि नाव तर तूच पाडलंस. आता त्याच पात्यांचे फोटो काढायला माणसं येतात. ऐकावं ते नवल.

समितीची एक आर्किटेक्ट मुलगी परवा घरी आली होती. तिशीची असेल, बुटांवर धूळ, बोलणं भराभर. म्हणाली, "काकू, त्या काळच्या इमारती खूप आहेत. पण एका मोठ्या घड्याळावर सगळ्या मजल्यांची घड्याळं चालतात आणि ती सगळी जागेवर आहेत, असं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. ती चालू करून दाखवली तर इमारत वाचेल. आणि ती चालवता येणाऱ्या आता तुम्हीच उरलात." मी म्हटलं, मी टेलिफोनवाली, घड्याळ आपलं माझ्या खोलीत होतं म्हणून बघायचे. तरी हो म्हटलं. चार वर्षं झाली घरी बसून, कोणी विचारलं की बरं वाटतं.

मग तिने वही काढली. "घड्याळांमुळे कधी काही बिघाड, अपघात?" मी म्हटलं, नाही.

तो विषय मी काढणार नव्हते, पण काढल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही. तुम्ही दोघं तिथले वायरमन, आणि सातव्या मजल्यावर बाबांचे हात विजेच्या पॅनेलमध्ये असताना तू तळघरातून मेन स्विच चार मिनिटं आधी चालू केलास, म्हणून बाबा गेले, असं चौकशीत ठरलं. तू ओरडून सांगत होतास की तुझ्या समोरच्या घड्याळात अकरा वाजले होते. कोणी ऐकलं नाही. आईनेही नाही. आणि तू गेलास.

आई बरी आहे. चौऱ्याऐंशी पूर्ण. तुझा विषय निघाला की अजून उठून आत जाते.

ताई

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. "पाडू दे. मला लिहू नकोस." मोजून पाच शब्द. सव्वीस वर्षांनी पाच म्हणजे बरीच प्रगती आहे. मी लिहिणारच, तू ओळखतोस मला.

सोमवारी आम्ही घड्याळं चालू केली. माझी खोली जशीच्या तशी आहे रे. टेलिफोनचा बोर्ड, त्यावर दर मजल्याचं एक छोटं पितळी झाकण, मजल्यावरून कोणी फोन उचलला की टप्पकन पडायचं ते. आता सगळ्या तारा कापलेल्या, खाली झुपका लोंबतोय. शेजारी काचेच्या कपाटात मोठं घड्याळ. त्याला नव्या बॅटऱ्या जोडल्या, लंबकाला बोट लावलं आणि निघालं की टकटक. मला रडूच आलं, मेलं.

तुला आठवत असेल, तरी लिहिते. मोठं घड्याळ दर मिनिटाला तारेतून एक ठोका पाठवतं, आणि प्रत्येक मजल्यावरचं पिल्लू एक घर पुढे सरकतं. पिल्लांना स्वतःची अक्कल शून्य. ठोका आला की सरकायचं, नाही आला की गप्प बसायचं. मागे पडली तर मोठ्या घड्याळाखालचं बटण दाबून हाताने ठोके द्यायचे. दर मजल्याला वेगळा खटका, खाली असला की चालू, वर केला की बंद, म्हणजे एखादं पिल्लू उतरवायचं झालं तर तेवढीच तार बंद करता येते.

सगळी पिल्लं मी सारखी करून दिली. मुलगी तळघरापासून वरपर्यंत पायऱ्या चढत गेली, एकेक तपासत. खाली आली तेव्हा धापा टाकत होती. "काकू, सगळी बरोबर. सातव्याचं फक्त चार मिनिटं मागे आहे."

मी म्हटलं, जुनं आहे, अडकलं असेल.

पुन्हा सारखं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार मिनिटं मागे. तीन नाही, पाच नाही. तिने हुशारी केली, सातव्याचं पिल्लू काढून पाचव्यावर लावलं आणि पाचव्याचं सातव्यावर. पाचव्यावर ते गुणी बाळासारखं चाललं. सातव्यावर गेलेलं पाचव्याचं चार मिनिटं मागे पडलं. वायरमन आणला, त्याने अख्खी तार बदलली. तेच.

पुढच्या महिन्यात समिती बघायला येणार आहे. सगळी घड्याळं एका वेळी एकच वेळ दाखवतात, हेच तर तिला दाखवायचंय. पोरगी रडकुंडीला आली आहे. मला म्हणते, "काकू, असं पूर्वी कधी व्हायचं का?"

मी काय उत्तर दिलं ते पुढच्या पत्रात लिहीन. आज इथेच थांबते, आईच्या गोळीची वेळ झाली.

ताई

२ मार्च

धाकट्या,

उत्तर दिलं नाही मी तिला. पाणी प्यायला म्हणून उठले.

तुला खरं सांगते. सातव्याचं घड्याळ मागे पडतं हे मला नवीन नाही. तू गेल्यावर पहिल्यांदा पडलं ते आठवडाभरातच. नोकरीत होते तितकी वर्षं रोज सकाळी मी सगळे खटके वर करायचे, फक्त सातव्याचा खाली ठेवायचे आणि चार वेळा बटण दाबायचे. दात घासावेत तसं. कोणाला पत्ता लागू दिला नाही. रिटायर झाले त्या दिवशी वाटलं, सुटले.

आता ऐक. गुरुवारी सकाळी ती मुलगी फोटो काढत होती. त्या पात्यांची सावली खिडकीतून आत जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडते, बघितलंयस तू. ही सावली फार विचार करून पाडलेली आहे म्हणे, इमारतीची किंमत त्यात आहे. म्हणून तिने प्रत्येक मजल्यावर कॅमेरा लावला आणि सगळे एकाच क्षणी चालवले. प्रत्येक मजल्याची जमीन एकाच मापाच्या फरश्यांची, तेव्हा सावलीची कड सगळीकडे एकाच फरशीवर यायला हवी. आली. सातव्यावर नाही आली. तिथे ती थोडी अलीकडे होती. मुलीने मोजून बघितलं, कागदावर आकडे मांडले, आणि मग लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. सातव्या मजल्यावर ऊनसुद्धा चार मिनिटं उशिरा येतं.

ती म्हणाली, "मजल्याचा उतार असेल." मी म्हटलं, असेल. दोघींपैकी एकीचाही विश्वास बसला नाही.

तिच्या आग्रहाने मी वर गेले. पाय वळत नव्हते, पण गेले. भर सकाळ, लख्ख उजेड, खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न. मजला रिकामा, नुसत्या टेबलांच्या पायांच्या खुणा. पॅनेलच्या दाराला गंज चढलाय. त्याच्या बाजूला खिळ्यावर घड्याळ. दहा त्रेपन्न दाखवत होतं. मुलीच्या मोबाइलमध्ये दहा सत्तावन्न. आम्ही उभ्या राहिलो. मोबाइलमध्ये अकरा झाले आणि बाहेरचे हॉर्न थांबले. कानांत दडे बसल्यासारखं झालं. मुलीने माझा दंड धरला. तिथे कोणी नव्हतं रे, कोणी म्हणजे कोणी नाही, पण शिडीवर वजन पडल्यावर लाकूड करकरतं ना, तसं एकदा करकरलं. मी तिला ओढत जिन्यात आणलं. सहाव्यावर आलो आणि हॉर्न पुन्हा ऐकू आले.

मला भीती वाटते म्हणून लिहितेय असं समजू नकोस. भीती वाटतेच, पण ती वेगळी. मला वाटतं, पाडून टाका एकदाची ही इमारत. आणि लगेच वाटतं, ती पडली तर तुझी बाजू सांगणारं या जगात काही उरणार नाही.

ताई

११ मार्च

धाकट्या,

खाली बस आणि वाच. मध्येच थांबू नकोस.

त्या दिवशी सकाळी मला उशीर झाला होता. केस धुतले होते, वाळेनात. कामावर कार्ड ठोकायचं मशीन मोठ्या घड्याळावरच चालायचं, आणि त्या महिन्यात माझ्या कार्डावर उशिराचे दोन लाल शिक्के आधीच होते. तिसरा बसला की साहेबासमोर उभं राहायचं. पण माझी आणि रात्रपाळीच्या टेलिफोनवालीची, जाडी म्हणायचो आम्ही तिला, एक युक्ती होती. मला उशीर झाला की ती लंबक बोटाने धरून ठेवायची. अख्खी इमारत थांबायची रे, नऊच्या नऊ मजले आणि तळघर, आणि कोणाला कळायचं नाही. मी यायचे, कार्ड ठोकायचे, लंबक सोडायचे आणि जितकी मिनिटं धरली तितके ठोके देऊन सगळ्यांना पुढे आणायचे. आम्ही हसायचो त्यावर. त्या दिवशी चार मिनिटं धरला.

मी कार्ड ठोकून बसतेय तोच सातव्यावरून बाबांचा फोन. पॅनेलच्या दारावर घड्याळ होतं, ते उतरवून बाजूच्या खिळ्यावर लावायचं होतं. "सातव्याचा खटका बंद कर गं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे." मी केला. मग "हं, लाव आता" म्हणाले. मी हो म्हटलं. आणि खटका लावायच्या आधी, घाईघाईत, चार ठोके देऊन टाकले. मग खटका लावला. ठोके द्यायच्या आधी सगळे खटके खाली आहेत का बघायचं, हे बाबांनीच मला शिकवलं होतं.

सगळी इमारत चार मिनिटं पुढे गेली. सातवा मजला राहिला मागे.

पुढचं तुला माहीत आहे. दहाला तू मेन काढून वीज बंद केलीस. अकराला टाकायचा असं बाबांनी सांगितलं होतं. तळघरात फोन नव्हता, म्हणून आपल्याकडे कायम भिंतीवरच्या घड्याळावर काम. पॅनेलमध्ये हात घालताना बाबा मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचे, धातू नको म्हणून. तुझ्या भिंतीवर अकरा वाजले. त्यांच्या भिंतीवर दहा छप्पन. तू बरोबर होतास. एका सेकंदाचीही चूक तुझी नव्हती.

आणि आता जे लिहिते ते जाडीलाही माहीत नव्हतं, ती गेली गेल्या वर्षी. सातव्याचं झाकण पडलं, टायपिस्ट बाई किंचाळत होती फोनवर. मी खटक्यांकडे बघितलं आणि एका क्षणात सगळं कळलं. मी आधी बाकीचे खटके वर केले, सातव्याला चार ठोके दिले, खटके परत खाली केले. मग दवाखान्याला फोन लावला. हे क्रमाने लिहिते, कारण क्रम हाच गुन्हा आहे. चौकशीवाले वर गेले तेव्हा घड्याळ चोख होतं. टायपिस्ट बाईने सांगितलं, ते म्हणत होते, अजून चार मिनिटं आहेत. मग काय, तूच उतावळा ठरलास. मी समोर बसले होते. तू माझ्याकडे बघत होतास, ताई काहीतरी सांग म्हणून. मी पदराला पीळ देत बसले.

आता परवाचं. मुलगी वर कॅमेरे काढायला गेली होती, मी खोलीत एकटी. अकराला सातव्याचं झाकण पडलं. टप्प. तारा कापलेल्या आहेत, हे मी तुला आधीच लिहिलंय. नोकरीत असतानाही ते असंच पडायचं, कधीकधी, बरोबर अकराला. मी कधी फोन घेतला नाही. परवा घेतला. का, ते विचारू नकोस, कंटाळले होते घाबरून.

"लावलास का खटका?"

आवाज अगदी जवळून. मी म्हटलं, हो बाबा.

"बरं. किती वाजले?"

"अकरा वाजले, बाबा. हात बाहेर काढा."

"वेडी की काय? समोर घड्याळ आहे माझ्या. चार मिनिटं आहेत अजून."

"ते चुकीचं आहे. मी चुकवलंय ते. तुमचा खटका लावायच्या आधी ठोके दिले मी."

मला वाटलं ते रागावतील, किंवा रडतील, किंवा माफ केलं म्हणतील. पकड जागेवर नसली की त्यांचा जसा वैतागलेला आवाज व्हायचा, तशा आवाजात ते म्हणाले, "मग हे मला काय सांगतेस? त्याला सांगितलंस का?"

मी म्हटलं, नाही.

"मग सांग ना."

आणि लाइन गेली. मान वर केली तर मोठ्या घड्याळाचा लंबक थांबलेला. मध्ये नाही, एका बाजूला, कोणीतरी बोटाने धरल्यासारखा तिरका. माझ्या डोळ्यांदेखत सुटला आणि हलायला लागला. मुलगी धावत खाली आली. सगळी घड्याळं जुळली होती. बाकीची अकरावर थांबून राहिली आणि सातव्याचं एकटं चार घरं चालून त्यांना येऊन मिळालं. अख्खी इमारत जगापेक्षा चार मिनिटं मागे, पण एकत्र. ती म्हणाली, "काकू, पुढे आणू का? दाबू बटण?" मी म्हटलं, आधी सगळे खटके खाली आहेत का बघ.

त्यानंतर सातव्याचं मागे पडलेलं नाही. पण फोनचं तू खरं मान, खोटं मान. म्हातारी भ्रमली म्हण. मेनचं मात्र खरं मान. ते मी शुद्धीत लिहितेय.

ताई

२९ मार्च

धाकट्या,

हे पत्र कुरिअरने पाठवतेय, शनिवारी तुझ्या हातात पडायला हवं. नीट वाच, वार आणि वेळ आहे.

समिती येऊन गेली. दहाही घड्याळं एका ठोक्याला सरकली, सावली सगळीकडे एकाच फरशीवर आली. इमारत जपायचं ठरलंय. आदल्या दिवशी मी मुलीला माझा जबाब लिहून दिला, सहीसकट. लाल शिक्के, लंबक, खटका, चार ठोके, दवाखान्याच्या आधी काय केलं ते. तिने वाचलं आणि म्हणाली, "काकू, हे अहवालाला जोडलं तर मालकाचा वकील म्हणेल, माणूस मारणारी इमारत कशाला जपता?" मी म्हटलं, म्हणू दे. घड्याळांची किंमत सांगायची तर सगळी सांग. तिने जोडला. वकील तसं म्हणालाही. अध्यक्षबाईंनी जबाब मोठ्याने वाचून दाखवला, तुझं नाव तीनदा आलं, आणि तीनही वेळा निर्दोष म्हणून. ज्या कंपनीने तुला घालवलं ती कधीच बुडाली, माफी मागायला तिथे कोणी साहेब उरलेला नाही. हा एवढा एक कागद आहे. त्याची प्रत सोबत आहे.

घरी येऊन आईला सांगितलं. ती उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती. मी सगळं सांगितलं, उभ्यानेच. बसायची हिंमत नव्हती. तिने सुईतला दोरा तोडला आणि विचारलं, "केस वाळले नव्हते म्हणून?"

मी हो म्हटलं.

त्यानंतर ती माझ्याशी एकदाच बोलली आहे. दोन दिवस तिने माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही, भिंत धरून धरून स्वतः उठायची. तिसऱ्या दिवशी शेजारच्या नर्सला हाक मारून तिच्याकडून बॅग काढून घेतली माळ्यावरून. मी दारात उभी. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याला लिही, मी येतेय."

म्हणून लिहितेय. मंगळवारची सकाळची गाडी. तुझ्याकडे दुपारी साडेतीनला पोचते. नर्स तिच्या कामासाठी पुढे जाणार आहे, ती आईला डब्याच्या दारापर्यंत आणून देईल. डबा पाचवा. स्टेशनवर मी सोडायला येऊ नये असं आईने नर्सकडून कळवलंय, तेव्हा गाडी चुकली की मिळाली हेही मला तूच कळवलंस तर कळेल. न कळवलंस तरी मी काही म्हणणार नाही.

तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्या बाजूने बोल. ब्लड प्रेशरची गोळी सकाळी, पांढरी. रात्रीची अर्धी. जिना उतरताना कोणी धरलेलं तिला आवडत नाही, एक पायरी पुढे राहायचं, म्हणजे तीच खांद्यावर हात ठेवते. चहा फार गरम लागतो. तू समोर आलास की पहिल्यांदा ती काही बोलणार नाही, घाबरू नकोस, तिला शब्द शोधायला वेळ लागतो आता. माझ्याबद्दल काही विचारू नकोस तिला.

तिच्याजवळ एक निळी पिशवी असेल, त्यात बाबांचा फोटो आणि तुझे शाळेतले कागद आहेत. सव्वीस वर्षं कपाटात तिने ते कुठे ठेवले होते, मला माहीतच नव्हतं. जड आहे. पिशवी तू घे तिच्या हातातून. मला तिने हात लावू दिला नाही.

ताई